दिवे घाटातल्या फोटोचं भाडं

परवा तुझा फोन आला आणि तू एका दमात तो मेल वाचून दाखवलास. "आपले छायाचित्र आमच्या आषाढी विशेषांकात वापरण्याची इच्छा आहे. अनुमती द्यावी व मानधनाची अपेक्षा कळवावी." आणि दम न घेताच पुढे, "आत्या, फुकटच देऊन टाकू का गं? नाव तर छापून येईल!" त्या वेळी कुकरची शिट्टी होत होती म्हणून मी एवढंच म्हटलं की आज उत्तर देऊ नकोस. पण उद्या मात्र दे. मासिकवाले फार वाट बघत नाहीत. म्हणून हे रातोरात लिहून पाठवते आहे. फोनवर सांगितलेलं तुम्हा मुलांच्या कानातून कुठे गळून जातं, देव जाणे.

तुझ्या बाबाला वाटतं, मी मासिकाच्या कचेरीत मुद्रितं तपासत होते. तीही तपासली. पण एकतीस वर्षांतली निम्मी तरी माझ्या टेबलावर फोटोच येत होते. आधी ब्रोमाइडचे कागदी ठसे, मग पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या पारदर्शिका, मग सीड्या आणि शेवटी मेल. म्हणजे तुला आला तसला मेल मी शेकड्याने पाठवलेला आहे. मी पलीकडच्या बाजूची बाई. त्यामुळे त्या दोन ओळींत काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, ते मला जास्त दिसतं.

पहिली गोष्ट. अनुमतीचा मेल येतो तेव्हा बहुतेक वेळा पान लागलेलं असतं. तुझा फोटो तुझ्या इन्स्टाग्रामवरून उतरवून, तिथल्या मांडणीकार मुलाने तो डमीत टाकून, संपादकांना दाखवूनही झालेला असतो. "वापरण्याची इच्छा आहे" म्हणजे "वापरून बघितला, बसला." तेव्हा तू काही अर्जदार नाहीस. पण लगेच हवेतही जाऊ नकोस. पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी त्या वळणांवर वारकऱ्यांच्या बरोबरीने कॅमेरेवाले असतात. घाटाची नागमोडी रांग वरून टिपलेला फोटो आमच्याकडे दरवर्षी गठ्ठ्याने यायचा आणि त्याला भाव नसायचा. तुझ्या फोटोत ती डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली म्हातारी वळून मागे बघते आहे, आणि तिच्या बघण्यात काहीतरी आहे. त्याला भाव आहे. तो किती, ते पुढे बोलू.

आधी मालकी कुणाची ते डोक्यात पक्कं कर. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात छायाचित्र ही कलाकृती धरलेली आहे, आणि गंमत म्हणजे त्यात कला असो वा नसो, असं कायदाच म्हणतो. फोटोचा कर्ता कोण, तर ज्याने तो काढला तो. कॅमेरा तू बाबाकडून मागून नेला होतास, लेन्स मैत्रिणीची होती, याने काही फरक पडत नाही. बटण तू दाबलंस. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. तो फोटो काढल्या क्षणापासून असतो. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर तो तुझ्या हयातीत आणि तुझ्यामागे साठ वर्षं टिकतो. आधी फोटोची मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षं एवढीच मोजत.

पण यात एक खड्डा आहे आणि हौशी मंडळी नेमकी त्यात पडतात. एखाद्याने पैसे देऊन तुला सांगितलं, "जा, अमुक ठिकाणचे फोटो काढून आण", तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा त्या फोटोचा पहिला मालक सांगणारा ठरतो, काढणारा नव्हे. लग्नातल्या फोटोंचंही हेच. म्हणजे आज ते तुझ्याजवळ आधीच असलेला फोटो मागतायत, ही गोष्ट वेगळी. आणि उद्या फोन करून "पुढच्या वर्षी आमच्यासाठी पूर्ण वारीच करा ना, प्रवासखर्च देतो आणि वर इतके देतो" म्हणाले, तर ती सर्वस्वी वेगळी. दुसऱ्यात मोबदला कदाचित मोठा दिसेल, पण कागदावर "स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहतील" एवढी ओळ नसेल तर जवळपास तीन आठवडे चालून काढलेलं सगळं त्यांचं. आमच्या कचेरीत हे माहीत होतं. आम्ही आपण होऊन ते कधी कुणाला सांगितलं नाही.

आता वाड्याची गोष्ट. तुला ती शंभरदा ऐकवली आहे, तरी परत ऐक. तुझ्या पणजोबांनी सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या एका स्नेह्याला दिल्या. कागद नाही, मुदत नाही, "राहा हो, आपलंच घर आहे." 1947 च्या भाडेकायद्याने भाडी गोठली. स्नेही गेले, त्यांचा मुलगा राहिला, मग सून, मग नातू. महिन्याचं भाडं अकरा रुपये, आणि नळ गळला की दुरुस्ती आपली. पालिकेचा कर भाड्यापेक्षा जास्त. शेवटी बिल्डर आला तेव्हा त्या अकरा रुपयांच्या भाडेकरूला मिळालेला फ्लॅट तुझ्या बाबाच्या फ्लॅटपेक्षा हवेशीर आहे. आता आपण कोथरूडची जागा देतो तेव्हा काय करतो? लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिने, नोंदणी, किती माणसं राहणार, कुत्रं चालेल की नाही, सगळं लिहून.

फोटोलाही शब्द तोच आहे, लायसन्स. फोटो द्यायचा म्हणजे विकायचा नसतो, भाड्याने द्यायचा असतो. पणजोबांसारखा नाही, कोथरूडसारखा.

म्हणून मानधनाचा आकडा सांगण्याआधी तू उलट विचारायचंस. एकाच मेलमध्ये, नम्रपणे: फोटो मुखपृष्ठावर जाणार की आत? आत असेल तर पूर्ण पान, अर्धं की कोपऱ्यात? अंक साधारण किती प्रतींचा? फक्त छापील, की वेबसाइट, ई-अंक आणि फेसबुकवरची जाहिरातपट्टी यांतही? एकदाच की पुढेही? आणि दुसऱ्या कुणाला देऊ नये अशी अट आहे का? यांतल्या प्रत्येक उत्तराने भाडं बदलतं. जो संपादक यांची उत्तरं सरळ देतो तो पैसेही सरळ देतो, हा माझा अनुभव. जो म्हणतो, "अहो, एवढं काय, एक फोटोच तर आहे", त्याच्याशी लिहूनच बोल.

शेवटच्या प्रश्नावर, म्हणजे दुसऱ्या कुणाला न देण्याच्या अटीवर, थोडं थांबते. खोली एका वेळी एकालाच देता येते. फोटो एकाच वेळी दहा जणांना देता येतो, हीच त्याची खुबी. तेव्हा एखादा म्हणाला की वर्षभर हा फोटो आमच्याकडेच दिसला पाहिजे, तर तो तुला उरलेल्या नऊ खोल्यांना कुलूप लावायला सांगतोय. लाव की. पण त्या नऊ रिकाम्या खोल्यांचं भाडं त्याच्याकडूनच घे. आणि असं वचन देण्याआधी आठव, हा फोटो तू आधी कुठे टाकला आहेस? एखाद्या स्टॉक साइटवर असेल तर "फक्त तुम्हालाच" असं म्हणायला तू मोकळीच नाहीस. विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्याने चढवला असशील तर तिथलं नाव आणि परवाना नमूद करून कुणीही तो छापू शकतो, पैसे मिळवायलासुद्धा. आणि तो परवाना परत घेता येत नाही. ते वाईट काम नाही हं, मी स्वतः आपल्या गावच्या देवळाचे फोटो तिथे दिलेले आहेत. पण देताना कळून द्यावं.

"सर्व हक्क आपणाकडे सुपूर्द करीत आहे" हे वाक्य कुठल्याही फॉर्मवर दिसलं की पेन खाली ठेव. स्पर्धांच्या प्रवेशिकांच्या तळाशी बारीक अक्षरांत हे हमखास असतं. बक्षीस तिघांना आणि फोटो सगळ्यांचे, कायमचे. सर्व हक्क विकूच नयेत असं मी म्हणत नाही. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरचा तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ तुला आठवत असेल. चार्ल्स ओ'रियर नावाच्या छायाचित्रकाराने 1996 मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याने जाताना गाडी थांबवून तो काढला होता. पुढे मायक्रोसॉफ्टने त्याचे सगळे हक्क विकत घेतले. आकडा उघड करायचा नाही असा करार, पण तो डोळे विस्फारावेत असा होता म्हणतात. तसं गिऱ्हाईक आलं तर वाडा विकावा. आषाढी अंकाला नको.

कायद्याने तुझ्यासाठी काही भिंती आधीच बांधून ठेवल्यात, त्याही माहीत असू देत. हक्क देणं किंवा लायसन्स देणं लेखी लागतं. लेखी दिलं पण किती काळासाठी ते लिहायचं राहिलं, तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरतं धरतो. पण पाच वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. तेव्हा कायद्यावर सोडू नकोस. मी कच्चा मसुदा देते, तोच मेलमध्ये टाक: "माझे हे छायाचित्र आपल्या यंदाच्या आषाढी विशेषांकाच्या छापील आवृत्तीत, आतील एका पानावर, एकदा छापण्यास मी परवानगी देत आहे. छायाचित्राखाली माझे पूर्ण नाव छापावे. अन्य कोणत्याही वापरासाठी, तसेच पुनर्मुद्रणासाठी, स्वतंत्र परवानगी घ्यावी. छायाचित्राचे स्वामित्वहक्क आणि ते इतरत्र देण्याचा माझा अधिकार अबाधित आहे. मोबदला अमुक रुपये, अंक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत." झालं. पाच वाक्यं. वकील नको, स्टँप नको. त्यांनी "मान्य आहे" असं उत्तर दिलं की तो मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव.

मसुद्यात मी मुद्दाम "मोबदला" लिहिलंय. मानधन हा आपल्या मराठी मासिकांनी शोधलेला फार हुशार शब्द आहे. त्यात मान आधी येतो आणि धनाला जागा उरत नाही. मानधन मागायला माणूस लाजतो, मोबदला मागायला लाजत नाही. मी हे बघितलंय. एकाच अंकाला मुखपृष्ठ देणारा व्यावसायिक "बिल" पाठवायचा आणि महिन्यात चेक घेऊन जायचा. आणि कोकणातल्या एका शाळेतले मास्तर होते, पावसाचे असे फोटो काढायचे की कागद ओला वाटावा, ते लिहायचे, "मानधनाचे आपण ठरवाल ते." आम्ही ठरवायचो. त्यांचा एक फोटो, भाताच्या खाचरात इरलं घेऊन वाकलेल्या बायकांचा, आम्ही वेगवेगळ्या वर्षी तीनदा छापला आणि पैसे एकदाच दिले. मला माहीत होतं. रजिस्टर माझ्याच हातात होतं. त्यांनी विचारलं असतं तर दिले असते. विचारलं नाही म्हणून दिले नाहीत. यापलीकडे त्यात कुठलं कारस्थान नव्हतं, आणि म्हणूनच ते मला अजून टोचतं.

बरं, आकडा. तू मला विचारलंस, "दिवे घाटात पहाटे पोचले, पावसात भिजले, लेन्समध्ये बुरशी आली, तर किती मागू?" यातलं काहीही मागायचं नाही. तुझे कष्ट संपादकाला विकत घ्यायचे नसतात. त्याला पान हवं असतं. किंमत पानाची असते. त्यांचा मागच्या वर्षीचा अंक मिळव आणि त्यातल्या जाहिराती मोज. आतल्या पूर्ण पानाच्या जाहिरातीचा त्यांचा दर काय, तेही विचारलं की कळतं. दरपत्रक ते गुपित ठेवत नाहीत. ज्या पानावर तुझा फोटो बसणार ते पान जाहिरातीला किती रुपयांना गेलं असतं हे एकदा कळलं की फुकट द्यायची तुझी खुमखुमी बरीच उतरेल.

मग फोनवर विचार, "तुमच्याकडे छायाचित्रांचा ठरलेला दर असेल ना?" बहुतेकांकडे असतो. तो त्यांच्या तोंडून आधी येऊ दे. समज, ते म्हणाले, पूर्ण पानाला दोन हजार. मग बाकीचं गणित तुझ्याकडे तयार असावं. माझा स्वतःचा ठोकताळा असा होता: अर्ध्या पानाला निम्मं नव्हे, निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे बाराशे, कारण फोटो तोच आहे, फक्त जागा कमी. कोपऱ्यातल्या चौकोनाला आठशेच्या खाली नाही. मुखपृष्ठाला पूर्ण पानाच्या तिप्पट, कारण अंक स्टॉलवर विकतं ते मुखपृष्ठ. वेबसाइटवरही हवा असेल तर वर चौथाई, आणि किती महिने ते ठरवून. तोच फोटो पुढच्या वर्षी पुन्हा छापायचा तर मूळच्या निम्मं. हे आकडे कायद्यातले नाहीत, माझ्या रजिस्टरातले आहेत. तुझ्या मासिकाचे वेगळे असतील. गुणोत्तर मात्र साधारण असंच पडतं.

त्यांनी दर सांगितलाच नाही आणि "तुमची अपेक्षा सांगा" म्हणाले तर एकच आकडा सांग. "दोन ते चार हजार" म्हटलंस की तू दोन म्हणालीस. आणि आकडा सांगून झाला की गप्प बस. आपल्या घराण्यात हे कुणालाच जमत नाही, मला कल्पना आहे. आपण आकडा सांगतो आणि लगेच, "म्हणजे तुम्हाला जमेल तसं हो" असं म्हणून तो परत घेतो. पलीकडचा माणूस गप्प आहे म्हणजे रागावलेला नाही, तो हिशेब करतोय. करू दे. कमी म्हणाला तर आकडा उतरवण्याआधी भाड्याच्या अटी उतरव. "पंधराशेत पूर्ण पान देता येईल, पण मग फक्त छापील, वेबसाइट नाही." याने तुझा दर टिकतो आणि त्याचंही काम होतं.

आणि फुकट? देते की मीही. तालुक्याच्या गावातून दोन मित्र पदरमोड करून दिवाळी अंक काढतात, सहाशे प्रती छापतात, लेखकांना अंक स्वतः नेऊन देतात. त्यांना मी फोटो दिलाय आणि वर वर्गणीही भरली आहे. 1909 सालच्या 'मनोरंजन'पासून ही परंपरा अशाच हौसेवर तगली आहे. फक्त फुकट दिला तरी वरचं पत्र तेच पाठवायचं, मोबदल्याच्या जागी "या एका वापरासाठी विनामूल्य" लिहून. पण सोनारांच्या आणि बँकांच्या चाळीस पानी जाहिराती छापून "छायाचित्रांसाठी तरतूद नसते हो" म्हणणाऱ्याला नाही. त्याच्या कागदाला तरतूद असते, शाईला असते, बायंडिंगला असते.

नाव छापून येईल म्हणून तू हरखली होतीस. नावाची मी चेष्टा करत नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईत जे.जे.मध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते त्यांच्या नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने. पुढे 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाला, पण ते जुने अंक काही पुन्हा छापले गेले नाहीत. तेव्हा नाव हवंच, पण ते पैशांच्या बदल्यात नव्हे. कर्ता म्हणून नाव लावणं हा कायद्यानेच तुझा हक्क आहे, हक्क विकलेस तरी तो उरतो. ते नाव फोटोखाली किंवा शेजारी असावं. अनुक्रमणिकेच्या पानावर बारा नावांच्या गर्दीत कुणी वाचत नाही. नाव देवनागरीत कसं लिहायचं तेही कळव, नाहीतर इंग्रजी मेलवरून तुझं काय करतील सांगता येत नाही. "छायाचित्र सौजन्य : इंटरनेट" असं छापणाऱ्या मंडळींच्या वाटेला तर जाऊच नकोस. इंटरनेट नावाचा छायाचित्रकार मी एकतीस वर्षांत पाहिला नाही.

फोटो पाठवतानाचं थोडंसं. आधी लहान आकाराचा नमुना पाठवायचा, मोठी फाइल अटी मान्य झाल्यावर. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. ए-फोर पानाला म्हणजे साधारण 2480 बाय 3508. तुझ्या कॅमेऱ्याला ते सहज जमतं, पण व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलास की त्याचा चुरा होतो. मेलवर पाठव किंवा लिंक दे. मुखपृष्ठासाठी मागितला तर उभा, आणि वरच्या बाजूला अंकाच्या नावापुरतं आभाळ मोकळं. रॉ फाइल कुणालाही द्यायची नाही. ती तुझी निगेटिव्ह. उद्या वाद झाला तर फोटो तुझा आहे हे तीच सांगणार.

आणि मसुद्यात एक ओळ वाढव: "छायाचित्र आरशासारखे उलटवू नये." हसू नकोस. एका वर्षी भाद्रपदाच्या अंकात आमच्या मांडणीकाराला गणपती पानाच्या आत बघणारा हवा होता. फोटोतला बाहेर बघत होता. त्याने पारदर्शिका उलटी केली, झालं काम. अंक बाजारात गेला आणि पत्रांचा पाऊस! एका गावचा प्रसिद्ध डाव्या सोंडेचा गणपती आम्ही उजव्या सोंडेचा करून ठेवला होता. सोवळं कडक असतं त्याचं, लोक चिडणारच. पण सगळ्यांत वाईट वाटलं ते फोटो काढणाऱ्याचं. बँकेत कारकून होता बिचारा. गावात त्याला लोक विचारायला लागले, "देव ओळखता येत नाही का रे?" पुढच्या अंकात आम्ही दिलगिरी छापली, बोटभर. तुझ्या फोटोत नऊवारीचा पदर आहे, मागे दिंडीचा फलक आहे. उलटला तर पदर भलत्या खांद्यावर जाईल आणि अक्षरं उलटी दिसतील.

पैशांच्या पाठपुराव्याला संपादकाला फोन करायचा नाही. तो गोड बोलतो आणि विसरतो. हिशेब बघणाऱ्या माणसाचं नाव विचारून घे. बिल पाठव, त्यावर तारीख, अंकाचं नाव, पान क्रमांक, पॅन आणि बँकेचा तपशील. टीडीएस कापला तर तो तुझ्या पॅनखाली जमा दिसतो का ते बघ. जीएसटी नोंदणीची तुला गरज नाही. न विचारता कुणी छापलाच, तर आधी कोर्टकचेरीची भाषा नको. पानाचा फोटो जोडून, "आपण माझे छायाचित्र प्रसिद्ध केल्याचे पाहिले, सोबत बिल पाठवत आहे" एवढंच. आमच्याकडे अशी पत्रं आली की पहिल्यांदा कचेरीत शांतता पसरायची आणि आठवड्यात चेक निघायचा.

आता त्या म्हातारीबद्दल. ती ओळखू येते. वारीच्या अंकात, वारीच्या लेखासोबत तिचा फोटो छापणं मला गैर वाटत नाही, ती उघड्या रस्त्यावर लाखोंबरोबर चालत होती. पण हा फोटो आला की मागोमाग तेल-साबणवाल्यांची एजन्सी येईल, "तुमच्या फोटोतली आजी आम्हाला गुडघ्याच्या मलमासाठी हवी." पैसे मासिकाच्या दसपट असतील. तिथे मात्र तिची लेखी संमती हवी आणि त्या पैशांतला वाटाही तिचा. तिचा चेहरा मलमाला भाड्याने द्यायला तो तुझा नाही. आणि फोटोओळ खरी दे. दिवे घाट, तारीख, बस. "पंच्याहत्तरावी वारी" वगैरे तू विचारलेलं नसेल तर लिहू नकोस, आणि कचेरीतल्या कुणाला लिहू देऊ नकोस. आम्ही असलं पुष्कळ लिहिलंय.

अंकाच्या दोन प्रती माग, एक नाही. दुसरी तिला. पुढच्या वर्षी त्या गर्दीत ती सापडायची कशी म्हणशील, तर दिंडीवरून. रथापुढची की मागची, आणि कितवी? तू विचारून ठेवलं नसशील, मला माहीत आहे. रॉ फाइल उघड, शंभर टक्क्यांवर मोठी कर, आणि तिच्या उजव्या खांद्यामागे तो पांढरा फलक आहे ना, त्यावरचा आकडा वाचून मला कळव.